खालाची पर्ची आणि एटापल्लीच्या डब्या

खाला कुठलीही नवी गोष्ट आधी एकावर करून बघायची, आणि तो एक बहुतेक वेळा मी असायचो. नवं लोणचं, कुणा वैद्याचं चूर्ण, ब्रह्मपुरीच्या बाजारात कुणीतरी तिच्या गळ्यात मारलेलं केस उगवायचं तेल, सगळं आधी माझ्यावर. तेलाचा निकाल काय लागला ते माझ्या डोक्याकडे बघून आजही कुणीही सांगेल. "आधी एक, मग पाच, मग सगळे," असं ती म्हणायची, आणि हे इतक्या शांतपणे म्हणायची की त्यातल्या एकाला काय वाटत असेल हा प्रश्न विचारणं असभ्यपणाचं वाटे.

खाला म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. कमरुन्निसा हे नाव फक्त तिच्या पगाराच्या कागदावर होतं. घरात, गल्लीत, ब्रह्मपुरीच्या जीपवाल्यांत ती खालाच होती. लग्न तिनं केलं नाही. आमच्यातल्या बायका दर ईदेला हा विषय काढत आणि ती शिरखुर्म्याची वाटी पुढं सरकवत म्हणे, "आधी एकावर करून पाहता येत नाई ना वो त्याच्यात. म्हणून राहून गेलं." आठवडाभर ती चंद्रपूरला आमच्याकडे राही आणि शनिवारी दुपारी ब्रह्मपुरीला आपल्या घरी जाई. तिथं तिच्या कोंबड्या होत्या, पेरूचं झाड होतं, आणि शेजारीण जैबून होती, जिच्याशी भांडल्याशिवाय तिचा रविवार पुरा होत नसे.

ती एका आरोग्य संस्थेच्या चंद्रपूरच्या कार्यालयात मशीन विभागाची प्रमुख होती. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. गावोगावच्या सेविकांना संस्थेनं हातात मावेल एवढा छोटा संगणक दिला होता. काडीनं पडद्यावर टोचायचं, की घरोघरची माहिती भरली जाई: कोण बाई गरोदर आहे, कुणाला ताप आहे, बाळ किती दिवसांचं आहे, त्याचं वजन किती. कागदावर त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. सेविका त्याला डबी म्हणत, म्हणून आम्हीही डबीच म्हणायचो. मी बी.कॉम. तिसऱ्या वर्गात झालेला, दोन दुकानांत हिशेब लिहून दोन्ही दुकानांना कंटाळा आणलेला भाचा. खालानं मला चिकटवून घेतलं. हेही तिनं बहुधा आधी एकावर करून बघितलं असावं, कारण माझ्यानंतर तिनं दुसरा नातेवाईक कधी ठेवला नाही.

कार्यालयात तिला मॅडम म्हणायचं असं ठरलं होतं. मी पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर "खाला मॅडम" म्हणालो आणि शिपायापासून सगळे तेच म्हणायला लागले. तिनंही मग मला "मुन्ना साहेब" म्हणायला सुरुवात केली. मिशा असलेल्या, एक मूल झालेल्या माणसाला मुन्ना साहेब हे नाव किती शोभतं, याची कल्पना वाचकांनी करावी.

तिचं खरं काम काय, हे आईला समजावून सांगताना मी एकदा घामाघूम झालो होतो. प्रत्येक डबीच्या पोटात एक जागा असते, तिला रजिस्ट्री म्हणतात. पडदा किती वेळानं झोपेल, कुठलं बटण दाबल्यावर काय उघडेल, तारीख कशी दिसेल, आवाज किती होईल, हे सगळं तिथं लिहिलेलं असतं. खाला रजिस्ट्रीचं काम करते असं काहीतरी कानावर जाऊन गल्लीतले एक चाचा प्लॉटचे कागद घेऊन आले होते, तो भाग सोडा. आई माझ्या बोलण्यानं चक्रावली तेव्हा खाला स्वयंपाकघरातून म्हणाली, "आपा, रजिस्ट्री म्हणजे मशीनच्या सवयी. तुझ्या या पोराच्या सवयी मले बदलता नाई आल्या. मशीनच्या येतात. म्हणून पगार भेटते मले."

एकेका डबीची सवय हातानं बदलणं म्हणजे फार वैताग. पडद्यावर काडीनं टोचत टोचत खोल आत जायचं, एक आकडा बदलायचा, आणि मागं यायचं. हे काम सुरुवातीला मी करत असे, आणि एक सवय सुधारताना दुसरी बिघडवून ठेवत असे. ब्रह्मपुरीच्या एका सेविकेची डबी मी अशी सुधारली की ती फोनच्या घंटीसारखी वाजल्याशिवाय उघडतच नसे. तिच्या सासूनं ती डबी बरेच दिवस कणगीत ठेवली होती. मग खालानं पर्ची लिहायला घेतली. पर्ची हा तिचा शब्द. इंग्रजीत त्याला स्क्रिप्ट म्हणतात. डॉक्टर जसा औषधं लिहून देतो तसं डबीनं काय काय बदलायचं ते ओळीनं लिहायचं, आणि डबीच ते वाचून स्वतःला बदलून घेणार. पर्ची लिहून झाली की आधी तिच्या टेबलावरच्या डबीला द्यायची, मग पाच डब्यांना, मग साऱ्या जिल्ह्याला. नागपूरच्या मुख्य कार्यालयाला ती पद्धत इतकी आवडली की त्यांनी तारेवरून पर्च्या पाठवायला सुरुवात केली. कुरखेड्याची डबी तिथल्या केंद्रातल्या संगणकाला जोडली की नागपूरहून आलेली पर्ची तिच्या पोटात जाई, आणि सेविकेचा चहा पिऊन होईपर्यंत डबी नव्या सवयींची होई.

फक्त एटापल्लीला हे चालेना. तिथं फोनची तार आठवड्यातून तीन दिवस मेलेली असे आणि वीज उरलेले चार दिवस. ते तर आम्ही धरून चाललो होतो. पण तिथल्या डब्या दर आठवड्याला कोऱ्या होऊन येऊ लागल्या. भरलेली माहिती डबीत खोचलेल्या छोट्या कार्डावर असायची, ती शाबूत राहायची; पण डबी स्वतः कारखान्यातून निघाली तशी. भाषा इंग्रजी, घड्याळ बंद पडून जुन्या कुठल्यातरी सालात गेलेलं. मग एटापल्लीत जन्मलेलं बाळ अजून जन्मायचंच आहे, असं नागपूरला कळे. एका बाईचं लेकरू आधी जन्मलं आणि त्याच लेकराचे दिवस तिला नंतर काही वर्षांनी गेले, असाही एक अहवाल वर गेला होता. कोऱ्या डब्या जीपनं चंद्रपूरला यायच्या, आम्ही पर्ची द्यायचो, परत पाठवायचो, पुढच्या आठवड्यात पुन्हा कोऱ्या.

नागपूरचे साहेब सभ्य गृहस्थ होते, पण त्यांचा धीर सुटला. तिथल्या बायका डब्या नीट सांभाळत नाहीत, असं त्यांनी ठरवलं. दिवाळीनंतर ते स्वतः एटापल्लीला येणार, डब्या सुधारल्या नसतील तर काढून घेणार आणि केंद्र बंद करणार, असा निरोप आला. केंद्र बंद म्हणजे आजूबाजूच्या गावांतल्या सेविका घरी. त्यापेक्षा मोठी गोष्ट ही, की त्या डबीत ताप भरला की दुसऱ्या दिवशी औषधाची गाडी निघत असे. डबी गेली की गाडीही गेली, आणि त्या गावांत पावसाळ्याचा ताप लेकरांना कसा धरतो हे तिकडच्यांना सांगायला नको. खालानं निरोपाचा कागद वाचून घडी घालून ठेवला. मग म्हणाली, "मुन्ना साहेब, जीप सांग. आपण इथी बसून मशीनले शिव्या देऊन राह्यलो. जाऊन पाहू तं."

एटापल्लीच्या पुढं जंगलात एका गावी मंगलीबाई राहायची. तिकडच्या सेविकांत ती सर्वांत जुनी. डबी कशी वापरायची हे बाकीच्यांना तिनंच शिकवलं होतं. तिचं मराठी थोडं, आमचं माडिया त्याहून थोडं, म्हणजे माझं शून्य. खालानं काही विचारलं नाही. दुपारभर ती मंगलीबाईच्या मागं घरोघर फिरली. मी फिरलो असं म्हणवत नाही. मी मागून येत होतो. मंगलीबाईची काडी पडद्यावर अशी चाले की मला माझी लाज वाटली. लेकराच्या पोटावर हात ठेवून ती वजन ताडायची, मग झोळीत घालून तोलायची, मग भरायची. डबीला कुठं ओरखडा नव्हता. तिनं तिच्यासाठी कापडाची पिशवी शिवली होती, वर कवड्या लावून.

दिवस कलायला आला तसं अंगणात बसून तिनं डबी पुसली, उलटी केली, मागचं झाकण सरकवलं आणि बॅटरी काढून ठेवली. डबी कापडात गुंडाळून खुंटीला टांगली, बॅटरी वेगळी कोनाड्यात.

मी उठून उभाच राहिलो. खालानं माझा शर्ट धरून मला खाली बसवलं.

"हे काऊन काढलं, बाई?" तिनं विचारलं.

"उद्या बैल जुंपत नाई आमी," मंगलीबाई म्हणाली. "आठ दिवसांत एक दिवस बैलाले सुट्टी. मंग हे काऊन जुंपाव? हे बी चालते ना माह्यासंगं, साऱ्या गावात."

"हो, पण बॅटरी काढली काऊन? बंद करून ठेवायची तं."

"बंद केलं तरी झोपत नाई ते. लाल डोळा उघडाच ठेवते." तिनं डबीच्या कोपऱ्यातल्या दिव्याकडे बोट केलं. "बॅटरी काढली का मंग झोपते. मी समद्यायले तसंच शिकवलं."

खाला इतकी हसली की तिची ओढणी खांद्यावरून घसरली. मंगलीबाईही हसायला लागली, कशाला ते न कळता. ती डबी अशी होती की बॅटरी काढल्यावर थोडाच वेळ तिला स्वतःची आठवण राहते; मग सगळ्या सवयी पुसल्या जातात. दर आठवड्याला, बैलांच्या सुट्टीच्या दिवशी, एटापल्लीच्या साऱ्या डब्या शांत झोपत होत्या आणि लहान लेकरासारख्या कोऱ्या होऊन उठत होत्या.

परतीच्या वाटेवर मी खुशीत होतो. रोग सापडला होता. "उद्याच सूचना काढतो," मी म्हणालो. "बॅटरी काढण्यास सक्त मनाई. खाली तुझी सही."

"सूचना?" खाला म्हणाली. "आणि बैलं जुंपा म्हणून बी काढशीन का?"

"अगं, ते मशीन आहे खाला."

"मले माहीत हाय मशीन आहे. तू त्या पिशवीवरच्या कवड्या पाह्यल्या का? तुह्या टेबलावरच्या मशीनवर चहाचे डाग हाय." मग जीप एका खड्ड्यातून बाहेर निघेपर्यंत थांबून म्हणाली, "ते बाई म्हणते त्याच्यात वाईट काहीच नाई. सुट्टी देऊ दे. आपण असं करू का उठल्यावर मशीननं आपलं तोंड आपणच धुवावं."

तिनं पर्ची डबीच्या पोटात न ठेवता कार्डावर ठेवली. कार्ड बॅटरीवर जगत नाही; त्याला काही विसरायला होत नाही. डबीत बॅटरी घातली की ती कार्डाकडे बघणार, तिथली पर्ची आपोआप सुरू होणार, एकेक सवय पुन्हा जागेवर बसवणार, आणि शेवटी पडद्यावर मोठ्या अक्षरांत विचारणार, आज तारीख काय? बाईनं तारीख भरली की झालं. फोन नको, तार नको, चंद्रपूर नको, मुन्ना साहेब तर नकोच. तिनं ती आधी एका डबीवर करून पाहिली, मग पाचांवर. पाचही डब्या तोंड धुऊन उठल्या. मग सगळी कार्डं तयार करून तिनं साहेब यायच्या दोनच दिवस आधी एटापल्लीला पाठवली.

साहेब आले त्या दिवशी केंद्राच्या अंगणात सेविका लुगडी नेसून ओळीनं बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर डबी. मंगलीबाई सर्वांत पुढं. साहेबांनी बैलांच्या सुट्टीची गोष्ट ऐकून घेतली, भुवया वर केल्या, आणि म्हणाले, "बरं, मग माझ्यासमोर काढा बॅटऱ्या." बॅटऱ्या निघाल्या. डब्या पुरत्या विसरेपर्यंत साहेब औषधाचं कपाट, वजनकाटे बघत हिंडून आले. मग म्हणाले, "आता घाला."

अर्ध्या डब्या उठल्या आणि त्यांनी तारीख विचारली. उरलेल्या अर्ध्या पांढऱ्याफटक पडद्यानं आमच्याकडे बघत राहिल्या. मंगलीबाईची डबी त्या पांढऱ्यांत होती. तिनं ती हलवून बघितली, कानाला लावली, आणि मग खालाकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. तिला वाटलं तिचंच काही चुकलं.

"कार्डं खराब असतील साहेब," मी घाईनं म्हणालो. "बाजारातली आहेत, काय सांगावं."

"मुन्ना, चूप," खाला म्हणाली. तिनं मंगलीबाईची डबी हातात घेऊन उलटी केली, शेजारणीची घेतली, दोन्ही एकमेकींशेजारी धरल्या. मग सरळ साहेबांकडे वळली. "साहेब, कार्ड चांगलं हाय आणि बाया बी बरोबर आहेत. चूक माझी आहे. इथी दोन कंपन्यांच्या मशीन आहेत. जुन्या मशीनमध्ये कार्डाच्या खोलीला, म्हणजे फोल्डरला, एक नाव आहे, नव्यामध्ये दुसरं. माह्या पर्चीनं जुन्याच नावाची खोली शोधली. मी पाच मशीनवर पाह्यलं, पण पाचही जुन्याच घेतल्या."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, मला उजेडी परत निघायचंय. जेवण होईपर्यंत थांबतो."

खाला ओसरीवर लॅपटॉप मांडून बसली. तिची बोटं चालत होती आणि मी तिच्याशेजारी उकडत होतो. आत साहेबांच्या पानात मंगलीबाई भात वाढत होती, वरून कोंबडीचा रस्सा, आणि साहेब पुरे म्हणाले की तिला नेमकं तेवढं मराठी कळत नव्हतं. इकडे खालानं पर्ची बदलली: आधी बघ, खोली कुठल्या नावाची आहे, जी सापडेल तिच्यात जा. मी म्हटलं, "दे आता, सगळ्यांत घालून टाकू, साहेब हात धुवायला उठतील." तिनं कार्ड हातातच धरलं.

"आधी एक."

"खाला, वेळ नाही गं!"

"म्हणूनच एक. दुसऱ्यांदा चुकायले बी वेळ नाई आपल्याकडं."

मंगलीबाईची डबी. तारीख विचारली. मग पाच, या वेळी दोन जुन्या आणि तीन नव्या. पाचही उठल्या. साहेब ओल्या हातानं बाहेर आले तेव्हा शेवटची डबी तारीख विचारत होती आणि सेविका एकमेकींना माडियात काहीतरी सांगून तोंडाला पदर लावून हसत होत्या. साहेबांनी एक डबी घेऊन स्वतः बॅटरी काढून घालून बघितली. मग ते ओसरीच्या कडेला बसले.

"केंद्र राहील," ते म्हणाले. "पण मॅडम, खरं सांगू का? हे किती दिवस? पुढच्या वर्षी नव्या मशीन येतील. नागपूरला आमची पोरं एका बटणावर सगळ्या जिल्ह्यांच्या सवयी बदलतात. त्यांना एटापल्ली नकाशात दाखवावी लागते. बैलांच्या सुट्टीचं त्यांना कोण सांगणार? एक दिवस ते बटण दाबतील आणि तुमची पर्ची पुसली जाईल. कुणाच्या मनातही नसेल, पण जाईल."

"मंग?"

"तुम्हाला दोनदा नागपूरला बोलावलं. तुम्ही दोनदा नाही म्हणालात."

खाला लॅपटॉप आवरू लागली. नागपूरला ती का जात नव्हती हे मला ठाऊक होतं. तिथलं पाणी तिला जड वाटे, गर्दीत तिला धाप लागे, आणि शनिवारची ब्रह्मपुरीची जीप चुकली तर तिचा आठवडा संपतच नसे. परतताना रस्ताभर ती खिडकीबाहेर बघत होती. चंद्रपूर जवळ आल्यावर म्हणाली, "जैबूनले कोंबड्या देऊन टाकतो. ते अंडे खाईन आणि माह्यावरच कुरकुर करीन, पण सांभाळीन." मला तेव्हा कळलं की ठरलं.

ती नागपूरला गेल्यावर तिच्या टेबलावर मी बसलो. एवढ्या वर्षांत मी एकही पर्ची एकदम साऱ्यांना पाठवली नाही, आणि पाच निवडताना प्रत्येक जातीची एक घेतो. माझ्या हाताखालची पोरं मला चिकट म्हणतात. म्हणोत. डब्या केव्हाच गेल्या, त्यांच्या जागी फोन आले. पण नागपूरहून येणाऱ्या प्रत्येक नव्या मशीनच्या पर्चीत, खाला निवृत्त होईपर्यंत, दूरच्या केंद्रांसाठी वेगळ्या चार ओळी असायच्या, आणि एटापल्लीची औषधाची गाडी कधी थांबली नाही.

ती निघाली त्या सकाळी चंद्रपूरच्या स्टँडवर आम्ही घरचे सगळे होतो. आई रडत होती, मी सामान मोजत असल्याचं दाखवत होतो. तेवढ्यात गर्दीतून मंगलीबाई आली. आदल्या दिवशी निघून, दोन गाड्या बदलून, अहेरीला कुणाकडे तरी मुक्काम करून. पदराखालून तिनं पानांचा द्रोण काढला, आत चारोळी. खालाच्या हातात तो देऊन ती नागपूरच्या बसकडे बघत राहिली.

"तिथी कोन हाय तुमचं?" तिनं विचारलं.

"कोणीच नाई," खाला म्हणाली. मग तिनं मंगलीबाईचा हात धरला. "तुमचं बी कोणीच नाई ना बाई तिथी. म्हणून तं जाऊन राह्यली मी."